निळ्या रुमालाखालची पाच बोटं

मंगोलियात घासाघीस करायला मनाई नाही. मनाई माझ्या बायकोने केली होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमचे साडू शेखरराव सगळ्या मुलुंडभर सांगत फिरतात की, "रमाकांतने तिकडे जाऊन वाट लावली!" अहो, मी कशाची वाट लावणार? त्या देशात मुळात वाटच नाही! गवत आहे, त्यावर गाडी घालायची आणि जायचं. पण शेखरराव पडले बँकेतले. निवृत्त झाले तरी दुसऱ्याची चूक शोधायची सवय गेलेली नाही. स्वतः आयुष्यभर छापील किमतीला वस्तू घेतल्या, वर "ठेवा सुट्टे" म्हणाले. असल्या माणसाने मला हसावं, ह्याचा मला जास्त राग आहे.

मी फळवाला. त्यातही हापूसवाला. मालाड पश्चिमेला माझी दोन दुकानं आहेत, दोन्ही स्वतःच्या हिमतीवर. विसाव्या वर्षी बाजारात पेट्या उचलत होतो, तिशीत पेट्या घेत होतो. तेव्हा आमच्या बाजारात आंब्याचा भाव तोंडाने ठरत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे. दोन बोटं दाबली की दोन, तीन दाबली की तीन, अख्खा पंजा दाबला की पाच. पाचशे की पाच हजार ते त्या दोघांना ठाऊक. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नसे. ह्याला हत्ता म्हणतात. एकदा पंजा घट्ट दाबून हात सोडला की सौदा पक्का. मग शब्द फिरवायचा नाही, आभाळ कोसळलं तरी! माझ्या बोटांना सगळा बाजार घाबरायचा. (एक जुना दलाल तर मला बघितलं की हात खिशात घालायचा.)

अशा माणसाला घासाघीस करायची नाही म्हणून सांगणं म्हणजे माशाला कोरडं राहायला सांगण्यासारखं आहे. पण त्यामागेही कारण होतं, आणि ते कारण प्रामाणिकपणे सांगतो.

माझी बायको शैला महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायची. बत्तीस वर्षं. दरवर्षी एक धडा असायचा, गवताळ प्रदेशातील लोकजीवन. ती निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही शेखररावांकडे मुलुंडला जेवायला गेलो होतो. तिथे श्रीखंडाची वाटी बाजूला सारून ती म्हणाली, "मला मंगोलियाला जायचंय."

"मंगोलिया?" मी म्हणालो. "तिथे आहे काय?"

"काही नाही. तेच बघायचंय."

"काही नसलेलं बघायला एवढे पैसे? मग बोरिवलीला माझ्या चुलत्याचा रिकामा फ्लॅट आहे, चल दाखवतो!"

ती हसली नाही. म्हणाली, "बत्तीस वर्षं मी फळ्यावर गोल तंबू काढतेय. शेजारी घोडा. मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलाय का? मी म्हणायची, पुढच्या तासाला सांगते. तो पुढचा तास मला घ्यायचाय."

एवढ्यात शेखररावांनी तोंड घातलं. "रमाकांतरावांना नेऊ नकोस हो शैला. तिथे दुकानं नाहीत. हे घोड्याशी घासाघीस करतील."

"न्यायचं तर ह्यांनाच आहे," शैला म्हणाली. "पण एका अटीवर."

आणि तिने मनोरी काढली. ती कधी ना कधी मनोरी काढणार, हे मला लग्नापासून माहीत आहे. आमचा हनिमून मनोरीला ठरला होता. (मालाडहून शेजारच्या मनोरीला हनिमून! पण मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने जायचं होतं, म्हणजे समुद्रप्रवासच की.) तिथल्या कॉटेजच्या मालकिणीने भाडं सांगितलं, मी निम्मं म्हणालो. ती म्हणाली, "नसेल परवडत तर जा." मी म्हणालो, "हा चाललो!" बाजारात असं म्हटलं की समोरचा मागून हाक मारतो. तिने मारली नाही. मी धक्क्यापर्यंत चालत गेलो, तरी मारली नाही. शेवटी त्याच बोटीने आम्ही परत आलो आणि दुपारी साडेतीनला घरी पोचलो. आईने दार उघडून विचारलं, "काय विसरलात रे?"

"त्यानंतर उटी," शैला बोटांवर मोजत सांगू लागली. "शालवाल्याशी दोन तास. काश्मीरला शिकारेवाल्याने अर्ध्या तळ्यातून परत आणलं. मला एकदा, फक्त एकदा, कोणाशीही न भांडता आठ दिवस फिरायचंय. तिथे तुम्ही एकदाही भाव केलात, एकदाही, तर घरी आल्यावर बाजारहाट मी करणार. सांगतील त्या किमतीला. तुम्ही पिशवी धरून मागे उभं राहायचं, तोंड बंद ठेवून. कायमचं!"

"आणि नाही केला तर?"

"तर बाजारात तुम्हाला 'अहो, पुरे आता' असं पुन्हा कधीच म्हणणार नाही."

"मी साक्षीदार!" शेखरराव ओरडले. मिशीला श्रीखंड लागलं होतं. मी सांगितलं नाही.

छळ तर घरापासूनच सुरू झाला. टूरवाल्याने जी रक्कम सांगितली ती शैलाने भरली. पूर्ण! तो टूरवाला एवढा चपापला की त्याने आपणहून दोन टोप्या आणि एक बॅग दिली. मी बॅगेकडे बघत बसलो. त्या माणसाकडून मी काय काय काढलं असतं!

पहिल्याच दिवशी, त्यांच्या राजधानीत, शैलाने एका दुकानात लोकरीची टोपी बघितली. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर आकडा टाकला, मला दाखवला आणि तो कॅल्क्युलेटर माझ्या हातात दिला! म्हणजे, साहेब, आता तुम्ही तुमचा आकडा टाका. सरळ आमंत्रण! माझं बोट 'दोन'वर जाऊन टेकलं. मागून शैला खोकली. मी कॅल्क्युलेटर परत दिला आणि पूर्ण पैसे मोजले. दुकानदाराचाच चेहरा पडला. बिचारा अख्खा दिवस कोणीतरी भांडेल म्हणून वाट बघत बसला असणार.

दुसऱ्या दिवसापासून ते प्रसिद्ध गवत सुरू झालं. आमच्या दिमतीला एक जुनी राखाडी व्हॅन, एक न बोलणारा ड्रायव्हर आणि ओयुना नावाची दुभाषी मुलगी. ही ओयुना तीन वर्षं दिल्लीला शिकायला होती, त्यामुळे हिंदी झकास बोलायची. मला 'अंकल' म्हणायची. (तिचं हिंदी इथे मराठीतच लिहितो, भाव तोच.)

समोर गवत, मागे गवत, दोन्ही बाजूंना गवत. एका टेकडीवर चढायचं, पलीकडे उतरायचं, की पुन्हा तेवढंच गवत. एवढी जागा, आणि एक कुंपण नाही, एक पाटी नाही, 'पार्किंग फक्त सभासदांसाठी' असं सांगणारा एक वॉचमन नाही! कांदिवलीत माणूस साडेतीनशे फुटांसाठी जन्मभर हप्ते भरतो आणि इथे मेंढ्या सी-व्ह्यूसारखा नजारा घेऊन बसल्यात.

"मोकळ्या जागेची ह्या लोकांना काही किंमतच नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर ती मोकळी राहिली," शैला म्हणाली. तिची खिडकी पूर्ण उघडी होती आणि ती तोंडभर वारा खात होती. मी तोंडभर धूळ खात होतो. गाडी एकच, खिडक्या समोरासमोर, हे कसं होतं कोण जाणे.

खाण्याचं बघा. चहात साखर नाही, मीठ! वर एक वाळवलेलं दही देतात, ते चघळायचं. पहिल्याच घासाला माझ्या दाढेतलं सिमेंट निघालं. आणि घोडीचं आंबवलेलं दूध. शैलाने वाडगा दोन्ही हातांनी धरून रिकामा केला आणि "पियूष खारट झाल्यासारखं लागतं" म्हणाली. मी वास घेतला आणि मला पावसाळ्यात सडलेली आंब्यांची सबंध अढी आठवली. घोड्यावरही बसवलं मला. शैलाचा घोडा चालला. माझा घोडा चरला. पाऊण तास! मी त्याच्या पाठीवर, तो गवतात, आणि ओयुना लांबून ओरडतेय, "अंकल, त्याला कळू द्या तुम्ही वर बसलाय ते!"

पण भाव? एकदाही नाही! पाच दिवस झाले, मी तोंड शिवून होतो. शैला रोज सकाळी बोटांवर दिवस मोजायची आणि माझ्याकडे बघून हसायची. तसं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. मलाही आतून थोडं बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही दोर्जआजोबांच्या तंबूवर पोचलो. एक मुक्काम इथे, मग सकाळी राजधानीकडे, दुसऱ्या दिवशी विमान. म्हणजे पैज जिंकायला फक्त एक तंबू उरला होता!

ह्या तंबूला ते 'गेर' म्हणतात. अगदी शैला फळ्यावर काढायची तसा, गोल, पांढरा. ती दाराबाहेर क्षणभर थांबली आणि पदराने चष्मा पुसला. आत मधोमध चूल, भोवती खाटा. दोर्जआजोबा ऐंशीच्या घरातले, चेहरा वाळल्या खारकेसारखा, अंगात लांब बाह्यांचा झगा. त्यांची म्हातारी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, तिथे असंच बोलतात असं मला वाटलं.

आणि खाटेवर ती घोंगडी होती.

उंटाच्या लोकरीची. रंग पिकायला आलेल्या हापूसचा. शैला तिच्यापाशी गेली, तिने हात फिरवला आणि काही बोलली नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायको कशासमोर गप्प होते ते नवऱ्याला कळतं. मी मनात ठरवलं, ही घोंगडी हिला घ्यायची!

"ओयुना, ह्या घोंगडीचं काय?" मी विचारलं. (किती, असं विचारलं नाही. लक्षात घ्या!)

ओयुना आजोबांना काहीतरी म्हणाली. घोंगडीकडे बोट केलं, शैलाकडे केलं, माझ्याकडे केलं. आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. अगदी बाजारात गिऱ्हाईक जोखतात तसं. मग तिला काहीतरी म्हणत उठले, पेटी उघडली आणि एक निळा रेशमी रुमाल बाहेर काढला.

रुमाल!

माझ्या अंगावर काटा आला. ओयुना बाजूला सांगत होती, "अंकल, बाह्या खाली करा, ते मोठे आहेत ना, तुमचे हात त्यांच्या हातांखाली धरा..." पुढेही बरंच काही सांगत होती, पण मी ऐकतोय कशाला? हात खाली धरायचे, वर रुमाल, हे मला ही पोरगी शिकवणार? आजोबा काहीतरी बोलत समोर उभे राहिले, रुमाल दोघांच्या हातांवर आला, त्यांच्या लांब बाह्या माझ्या मनगटांवर पडल्या आणि आतमध्ये, अंधारात, कोणालाही दिसणार नाही असे आमचे हात भेटले.

वाचकहो, मी तुम्हालाच विचारतो. शैलाने काय घातली होती अट? भाव करायचा नाही. पण भाव म्हणजे काय? बोलतात तो! इथे कोण बोलत होतं? दोन माणसं हसऱ्या चेहऱ्याने एकमेकांचे हात धरून उभी होती. बस!

मी दोन बोटं दाबली. वीस हजार. (तिथल्या पैशात. घाबरू नका.)

आजोबा दचकले. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला आणि वर आणखी दोन बोटं. सात!

मनात म्हटलं, व्वा रे थेरड्या! मुरलेला आहेस. मी तीन दाबली. त्यांनी मान हलवली आणि सहा. मी पुन्हा तीन. पुन्हा सहा. मग मी माझं ठेवणीतलं काढलं. हात सोडवून घेतला, 'हा चाललो' असा चेहरा केला आणि दाराकडे एक पाऊल टाकलं. आजोबांनी दोन्ही हातांनी मला मागे खेचलं! मनोरीच्या त्या बाईने जे केलं नाही, ते ह्या माणसाने केलं! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी चार दाबली. त्यांनी अख्खा पंजा धरला, घट्ट, हाडं वाजली. पाच. मी एक श्वास घेतला आणि पंजा परत दाबला. पक्कं!

आजोबांनी माझ्या दोन्ही गालांचा वास घेतला. ही पद्धत आमच्या बाजारात नाही, पण सौदा मोठा असला की माणसं भावूक होतात.

"अहो," शैला शेजारी येऊन हळूच म्हणाली, "किती प्रेमाने भेटलात त्यांना! तुम्ही एवढे बदललात, खरं वाटत नाही."

मी खाली बघितलं. नम्रपणाने, असं तिला वाटलं असणार.

पुढच्या अर्ध्या तासात गोष्टी जरा वेगाने व्हायला लागल्या. आजोबा दारात जाऊन मोठ्याने काहीतरी ओरडले. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. शेजारचा छोटा तंबू झाडायला दोन सुना धावल्या. एक मुलगा घोड्यावर टांग मारून टेकडीपलीकडे गेला. आमच्या ड्रायव्हरने, जो पाच दिवसांत एक शब्द बोलला नव्हता, आमच्या सगळ्या बॅगा उतरवल्या, मला सलाम केला आणि गाडीची चाकं सोडायला घेतली!

"एका घोंगडीसाठी एवढी गडबड?" मी शैलाला म्हणालो.

बाहेर एक मेंढा दिसला. तो माझ्याकडे बघत होता. जरा वेळाने तो दिसेनासा झाला.

मग ओयुना धावत आली. तिचे गाल लाल झाले होते. "अंकल! थँक्यू! आजोबा इतके खूश झालेत! सगळे फोटो काढतात आणि पळतात, पाच दिवस कोणीच राहत नाही!"

"कोण राहतंय पाच दिवस?"

"तुम्ही!"

"मी?"

"तुम्हीच तर सांगितलंत! त्यांनी विचारलं, किती दिवस राहणार. मी तुम्हाला हिंदीत सांगत होते, तेवढ्यात तुम्ही त्यांच्या हातात बोटं दाबलीत. त्यांना ऐकू येत नाही ना, अंकल. ते म्हणतात, आयुष्यात पहिला पाहुणा असा आला ज्याला न सांगता कळलं की म्हाताऱ्याच्या कानात ओरडायचं नसतं!"

आजोबा आता जमलेल्या सगळ्यांना हात पुढे करून गोष्ट सांगत होते आणि ओयुना भाषांतर करत होती. "पाहुणा फार खानदानी आहे. म्हणाला, दोन दिवस राहतो. मी म्हटलं, सात. हा म्हणाला, तीन, म्हणजे आमच्यावर भार नको. मी सहा म्हटलं तर लाजून पळायलाच लागला! मी सोडतोय होय? शेवटी पाचावर आणला!"

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एक सोडून. शैला माझ्या हातांकडे बघत होती.

तिने भूगोल शिकवला असला तरी संसार आंबेवाल्याशी केला आहे. हत्ता काय असतो ते तिला सांगावं लागत नाही.

"अहो," ती मराठीत, अगदी शांतपणे म्हणाली. "किती बोटांपासून सुरुवात केलीत?"

"कसली बोटं? नमस्कार करत होतो मी!"

"किती?"

"...दोन."

"आणि मिटलं कितीवर?"

"पाचावर."

"महागात पडलं," शैला म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच! ती घोंगडी..."

"अंकल, घोंगडी तर केव्हाच दिली!" ओयुना मध्ये म्हणाली. "आंटींना आवडली ना, तेव्हाच आजोबा म्हणाले, घेऊन जा. भेट देताना आमच्याकडे हा निळा रुमाल हातावर धरतात. तेच तर मी तुम्हाला सांगत होते!"

म्हातारीने घोंगडीची घडी करून ती शैलाच्या बॅगेत कधीच ठेवली होती. म्हणजे बघा, फुकट मिळालेल्या वस्तूचा भाव मी वीस हजारांवरून पन्नास हजारांवर नेला होता! आयुष्यात पहिल्यांदा. आणि तोही जीव तोडून!

"ओयुना," मी म्हणालो, "त्यांना सांग, गैरसमज झाला. आमचं विमान आहे. सकाळी निघतो."

ओयुनाचा चेहरा उतरला. तिने बाहेर बघितलं. मेंढा कातडीपासून वेगळा झाला होता. टेकडीपलीकडून निमंत्रण मिळालेले चार घोडेस्वार येताना दिसत होते. आजोबा अजून हातातला रुमाल घडी न करता तसेच उभे होते, माझ्याकडे बघून हसत.

"काही सांगायचं नाही," शैला म्हणाली. "राहायचं. पाच दिवस."

"अगं, तिकिटं?"

"तुम्हीच म्हणता ना बाजारात, पंजा दाबून हात सोडला की शब्द फिरवायचा नाही? आभाळ कोसळलं तरी?"

चाळीस वर्षांत माझा शब्द कधी फिरला नव्हता, आणि तो एका बहिऱ्या म्हाताऱ्यासमोर फिरवायचा मला धीर झाला नाही. ओयुना फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढली. तिकिटं बदलण्याचा जो दर तिकडून सांगितला, तो तिने खाली ओरडून सांगण्याआधीच शैलाने वर ओरडून कळवलं, "हो म्हण!"

ते पाच दिवस कसे गेले विचारता? शैलाचे झकास गेले. ती घोडीचं दूध काढायला शिकली. टेकडीपलीकडची मुलं रोज यायची. त्यांच्यासाठी तिने जमिनीवर काडीने मालाडची आमची इमारत काढली, शेजारी रिक्षा. मुलांनी ओयुनामार्फत विचारलं, "एकावर एक घरं? मग गवत संपलं की हलवता कसं?" आणि हसून हसून लोळली. शैला त्यांच्याबरोबर लोळायचीच बाकी होती. बत्तीस वर्षांचा तो पुढचा तास तिने असा पाच दिवस घेतला.

मला शेण दिलं. तिथे चुलीत वाळलेलं शेण जाळतात. आता पाहुणा पाच दिवसांचा म्हणजे घरचाच झाला, म्हणून आजोबांनी मानाने माझ्या पाठीला टोपली बांधली. मी मैलभर फिरून टोपली भरून आणायचो. मग आजोबा एकेक गोवरी उचलायचे. वास घ्यायचे. टिचकी मारायचे. कानाशी नेऊन (बहिऱ्या कानाशी!) ऐकल्यासारखं करायचे. आणि 'हॅ!' करून मागे फेकायचे. मी शेतकऱ्यांच्या पेट्यांतले आंबे असेच मागे फेकत आलोय, हेच तोंड करून. दहांतले आठ नापास! पाचव्या दिवशी त्यांनी माझी एक गोवरी पास केली, तेव्हा मला झालेला आनंद शेखररावांना कळता कामा नये.

निघताना आजोबांनी पुन्हा तो निळा रुमाल काढला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. सगळे हसले. मग शैलानेच पुढे होऊन त्यांचे हात खालून धरले, बोटं अगदी सैल ठेवून. "असं," ती मला म्हणाली.

आता त्याला बरेच महिने झाले. पैज हरलो ती हरलो. दर रविवारी शैला बाजाराला निघते, मी मागे पिशवी धरून. भाजीवाली सांगते तेवढे पैसे शैला देते. वर "ठेवा सुट्टे" म्हणते! (हे शेखररावांनी शिकवलं.) सगळा मालाड बाजार मला ओळखतो. मी दिसलो की पूर्वी भाव खाली यायचे, आता चढतात. परवा तर लिंबूवाला मला डोळा मारून म्हणाला, "शेठ, तब्येत बरी नाही का?" मी गप्प. तोंड बंद ठेवायची अट आहे ना!

पण बोटांचं काही ठरलेलं नाही, हे गेल्या रविवारी माझ्या अचानक लक्षात आलं.

शैला रस्त्याच्या कडेला फुलं घेत होती. बाजूला एक नवीन नारळवाला उभा होता, मला न ओळखणारा. नारळाला हा माणूस जे सांगत होता ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी हळूच त्याच्याजवळ सरकलो. पिशवी दोघांच्या हातांवर येईल अशी धरली. पिशवीखाली त्याचा हात शोधला आणि, चेहरा अगदी हसरा ठेवून, दोन बोटं दाबली.

त्याने माझ्याकडे बघितलं. माझे पांढरे केस बघितले. समोरून येणाऱ्या रिक्षा बघितल्या. आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"या काका, घाबरू नका," तो म्हणाला. माझा अख्खा पंजा त्याने घट्ट धरला, दुसऱ्या हाताने रिक्षा थांबवल्या आणि मला रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर नेऊन ठेवलं.

तिथून मी बघत राहिलो. शैलाने दोन नारळ घेतले. सांगितलेल्या किमतीला. आणि वर त्या माणसाला, माझी एवढी काळजी घेतली म्हणून, दहा रुपये जास्त दिले!